ट्रॅक्टरला हार घातला, ऑईलचे काय?



पोळ्याच्या आदल्या दिवशी आपण बैलांचे खांदे मळतो. वर्षभर जिथे जू घासले, तिथे हळद-तूप चोळतो, हात फिरवतो आणि उद्याच्या जेवणाचे आवतण देतो. शिंगे रंगवणे, झूल घालणे, गोंडे बांधणे हे दुसऱ्या दिवशी. पहिला मान खांद्याला. ज्या अवयवावर ओझे पडते त्याची काळजी आधी, सजावट नंतर, एवढी साधी गोष्ट आपल्या बापजाद्यांना कळत होती. बैलगाडीच्या साट्याखाली वंगणाचे नळकांडे टांगलेले असे. गाडी करकरली की माणूस खाली उतरे, चाक काढून आसाला वंगण देई आणि मगच पुढे जाई. करकरणारी गाडी गावातून नेणे ही मालकाला लाज वाटण्याची गोष्ट होती.

आज वैजापूर तालुक्यातल्या कितीतरी दावणी रिकाम्या आहेत. एकामागून एक दुष्काळ आले, कडबा परवडेना, बैल गेले आणि दारात ट्रॅक्टर आला. पोळ्याला, दसऱ्याला आपण तो धुतो, बॉनेटवर कुंकू लावतो, हार घालतो, नारळ फोडतो. पण ओझे बॉनेटवर पडत नाही. ओझे पडते सीटखालच्या लोखंडी पेटीत, गिअर आणि क्राऊन-पिनियनच्या दातांवर. तिथले ऑईल शेवटचे कधी बदलले, असा प्रश्न मी गेले वर्षभर गावोगावच्या बैठकांत विचारतो आहे. इंजिनाचे ऑईल बहुतेकांना आठवते. मागच्या ऑईलचे नाव काढले की माणसे एकमेकांकडे पाहतात. मग कुणीतरी म्हणतो, "घेतल्यापासून हात लावला नाही साहेब, अन् काही तक्रार पण नाही."

ह्या अंकाचा अग्रलेख त्या न बदललेल्या ऑईलवर आहे. काही कार्यकर्ते म्हणतील, कापसाच्या भावाचा प्रश्न पेटलेला असताना हा मिस्त्रीचा विषय कशाला? कारण सरळ आहे. भाव ठरवणे आज आपल्या हातात नाही, त्यासाठी लढावे लागते. खर्चातला काही भाग मात्र आपल्या हातात आहे आणि तो हातचा निसटतो आहे. शिवाय लेखाच्या शेवटी दिसेल की हा विषय मिस्त्रीच्या शेडपाशी थांबत नाही, दिल्लीपर्यंत जातो.

माझ्याच घरची गोष्ट

दुसऱ्याचे उदाहरण देण्याआधी स्वतःचे देतो. मी शेतीची पदवी घेतलेला माणूस. कॉलेजात ट्रॅक्टरचे भाग ओळखून वहीत त्यांची चित्रे काढली, त्यावर मार्कही मिळवले. पंधराएक वर्षांपूर्वी आमच्या घरी जुना ट्रॅक्टर होता, वडिलांनी दुसऱ्या हातचा घेतलेला. त्याला इंजिनाचे ऑईल वेळेवर मिळे, कारण ते काळे झालेले दिसते. मागच्या ऑईलची पट्टी वडील कधीतरी पाहत. पातळी बरोबर आहे ना, मग झाले. ओळखीच्या मिस्त्रीचाही सल्ला होता, आवाज येत नाही तोवर पेटी उघडू नका.

आवाज आला. उन्हाळ्यात नांगरट चालू असताना चौथ्या गिअरमध्ये घुरघुर सुरू झाली. लिफ्ट नांगर उचलायला वेळ लावू लागली. मी स्वतः तो आवाज ऐकला आणि "पाहू पावसाळ्यानंतर" म्हणालो. हातात पदवी, डोक्यात नत्र-स्फुरद-पालाश, आणि बुडाखाली लोखंड लोखंडाला खात होते.

दसऱ्याच्या आधी चांगला पाऊस झाला. मूग निघालेले रान मोकळे होते, वापसा आला, ज्वारीचे बी घरात होते. पेरणीच्या दुसऱ्या दिवशी पिनियनचे बेअरिंग फुटले आणि क्राऊनचे दात गेले. पेटी खोलली तेव्हा तळाशी ऑईल नव्हते, राखाडी चिखल होता. भाग मिळायला आणि काम व्हायला बारा दिवस लागले. तेवढ्यात गावातले बाकीचे ट्रॅक्टर आपापल्या रानात गुंतलेले. बाराव्या दिवशी वरची ओल उडाली होती. उशिरा पेरलेली ज्वारी विरळ उगवली, आणि त्या वर्षी ज्वारीबरोबर कडबाही विकत घ्यावा लागला.

मिस्त्रीचे बिल मी केव्हाच विसरलो असतो. वापसा गेला तो विसरता येत नाही. बागायतदाराचा ट्रॅक्टर चार दिवस बंद पडला तर तो पाचव्या दिवशी पाणी देऊन पेरतो. आपल्या कोरडवाहू माणसाला वर्षातून पेरणीचे मोजके दिवस मिळतात. त्या दिवसांत जे यंत्र उभे राहते त्याचा तोटा गॅरेजच्या बिलात लिहिलेला नसतो.

पेटीत काय चालते

आपल्याकडच्या बहुतेक ट्रॅक्टरांत गिअरबॉक्स, क्राऊन-पिनियनचा गाळा आणि लिफ्टचे हायड्रोलिक ह्या सगळ्यांना एकच ऑईल असते. अनेक नव्या ट्रॅक्टरांत ब्रेकही त्याच ऑईलमध्ये बुडालेले असतात. म्हणजे एकाच ऑईलने चार कामे करायची. दातांच्या मध्ये पातळ पापुद्रा धरून लोखंडाला लोखंड लागू द्यायचे नाही. घर्षणाची उष्णता वाहून बाहेरच्या पेटीला द्यायची. झिजलेला कण धुऊन गाळणीपर्यंत न्यायचा. आणि लिफ्टला दाब द्यायचा.

हे ऑईल नुसते तेल नसते. झीज रोखणारी, गंज रोखणारी, फेस होऊ न देणारी आणि बुडीत ब्रेकला नीट पकड देणारी द्रव्ये त्यात मिसळलेली असतात. ही द्रव्ये कामाबरोबर खर्च होतात. पट्टीवर पातळी दिसते, पण ही शिल्लक दिसत नाही. रानात खत टाकून चार पिके घेतल्यावर जमीन तेवढीच दिसते, कस मात्र गेलेला असतो. तसेच हे आहे.

ऑईलचे तीन वैरी आहेत. पहिला उष्णता. ढोबळ नियम असा की ठराविक मर्यादेपुढे ऑईलचे तापमान दहा अंशांनी वाढले की त्याचे आयुष्य जवळपास निम्मे होते. आपली खोल नांगरट कधी असते? एप्रिल-मे महिन्यांत, काळ्या भेगाळल्या रानात, चाळीसच्या वर पारा असताना. दुसरा वैरी पाणी. दिवसभर पेटी तापते, रात्री निवते, श्वास घ्यायच्या भोकातून बाहेरची दमट हवा आत जाते आणि तिचे पाणी होते. पावसाळ्यात ट्रॅक्टर उघड्यावर उभा असेल, गिअर लीव्हरचे रबर फाटलेले असेल तर पाणी सरळच उतरते. पाणी मिसळलेले ऑईल दुधाळ दिसते आणि बेअरिंगला गंज चढवते. तिसरा वैरी धूळ आणि लोखंडाचा कण. पऱ्हाटीच्या रानात रोटाव्हेटर चालवताना केवढा धुरळा उडतो ते सांगायला नको. सील फाटला की तो धुरळा आत जातो, ऑईलमध्ये मिसळून पॉलिश कागदासारखे काम करतो आणि नवे कण तयार करतो. एक कण दहा कण जन्माला घालतो.

म्हणून नव्या ट्रॅक्टरचा पहिला ऑईल-बदल लवकर सांगितलेला असतो. नवे दात एकमेकांना बसताना सुरुवातीला जास्त कण सुटतात. तो पहिला बदल चुकवला तर ट्रॅक्टर उरलेले आयुष्य स्वतःच्याच भुशात घालवतो.

चार गैरसमज

पहिला, "पातळी बरोबर आहे म्हणजे ऑईल बरोबर आहे." ह्याचे उत्तर वर आले.

दुसरा, "जुने ऑईल काढले की गिअरबॉक्स बसतो, म्हणून काढू नका." हे बोलणे अनेक शेडमध्ये ऐकू येते. ह्यात होते असे की लोक आवाज आल्यावर, लिफ्ट थकल्यावर, म्हणजे झीज पुरती झाल्यावर ऑईल बदलायला नेतात. मग महिनाभरात पेटी फुटते आणि दोष नव्या ऑईलच्या माथी बसतो. रोगी शेवटच्या घटकेला दवाखान्यात नेला आणि गेला, तर दवाखान्याने मारले म्हणण्यासारखे आहे. वेळेवर बदलणाऱ्याला हा अनुभव येत नाही.

तिसरा, "ऑईल म्हणजे ऑईल, कोणतेही घाला." जुन्या ट्रॅक्टरला चालणारे जाड गिअर ऑईल बुडीत ब्रेकच्या नव्या ट्रॅक्टरला घातले तर ब्रेक कर्कश ओरडतात, थरथरतात, आणि थंडीच्या सकाळी लिफ्ट हलत नाही. पुस्तकात जो दर्जा लिहिला आहे तोच घ्यायचा. सुटे, डब्याच्या तोंडाला सील नसलेले, "कंपनीचेच आहे, फक्त बिल नाही" असे ऑईल स्वस्त पडत नाही. बियाण्याच्या पिशवीचे बिल आणि टॅग जपून ठेवा असे आपण दरवर्षी सांगतो. ऑईलच्या डब्यालाही तोच नियम.

चौथा गैरसमज नवा आहे आणि तो चारचाकीबरोबर आला. समृद्धी महामार्ग आपल्या तालुक्यातून गेला. नागपूर ते शिर्डी हा त्याचा पहिला टप्पा ११ डिसेंबर २०२२ रोजी सुरू झाला. जमिनीच्या मोबदल्यातून काही दारांत नव्या कोऱ्या गाड्या आल्या, काहींनी भाड्याने चालवायला जीप-पिकअप घेतल्या. काही गाड्यांबद्दल सांगतात की गिअरबॉक्सचे ऑईल आयुष्यभराचे आहे, बदलायचे नाही. आयुष्यभर म्हणजे कुणाच्या आयुष्यभर? वॉरंटी संपेपर्यंतचे आयुष्य वेगळे आणि शेतकऱ्याच्या घरात गाडीने पंधरा-वीस वर्षे काढायची ते आयुष्य वेगळे. पुस्तिका नीट वाचली तर अनेकदा एका कोपऱ्यात कठीण वापरासाठी निराळे वेळापत्रक सापडते. धूळ, ऊन, ओझे ओढणे, थोड्या थोड्या अंतराच्या फेऱ्या, ह्याला कठीण वापर म्हणतात. आपल्या पांदीपासून बाजारापर्यंतचा रोजचा रस्ता ह्यात तंतोतंत बसतो. ऑटोमॅटिक गिअरची गाडी असेल तर आणखी सावध राहावे. तिला नेमक्या दर्जाचेच ऑईल लागते, अंदाजाने चालत नाही.

हिशेब मांडून पाहू

शेतकऱ्याला हिशेब येत नाही असे म्हणणाऱ्यांना आपण नेहमी हिशेबानेच उत्तर दिले आहे. इथेही मांडू. आकडे समजण्यापुरते घेतो. प्रत्येकाने आपल्या ट्रॅक्टरचे आणि आपल्या दुकानातल्या भावाचे आकडे घालून पाहावे.

समजा पेटीत ४० लिटर ऑईल मावते आणि भाव लिटरला २५० रुपये आहे. एका बदलाला १०,००० रुपये. आकडा मोठा वाटतो, म्हणूनच माणूस टाळतो. पण समजा पुस्तकात हा बदल १,००० तासांनी सांगितला आहे. म्हणजे तासाला १० रुपये. नांगरटीला तासाला ४ लिटर डिझेल धरा, लिटरला ९० रुपये धरा, तर तासाचे डिझेल ३६० रुपयांचे. छत्तीस रुपयांचे डिझेल जाळताना एक रुपया मागच्या ऑईलसाठी बाजूला ठेवायचा, एवढाच हा खर्च आहे. भाड्याने नांगरट करणाराने तर तो एकराच्या दरातच धरला पाहिजे. बहुतेक जण दर ठरवताना डिझेल आणि ड्रायव्हर धरतात. झीज धरत नाहीत. म्हणजे ते दर तासाला आपल्या ट्रॅक्टरचा एक तुकडा फुकट विकतात.

आता दुसरी बाजू. समजा पेटी फुटली आणि भाग, मजुरी, ऑईल मिळून ६०,००० रुपये लागले. तेवढ्या पैशात सहा वेळा ऑईल बदलून झाले असते. कापसात मोजू. २०२५-२६ साठी मध्यम धाग्याच्या कापसाचा हमीभाव क्विंटलला ७,७१० रुपये जाहीर झाला. तो पुरता मिळाला असे धरले तरी ऑईलचा एक बदल म्हणजे सव्वा-दीड क्विंटल कापूस आणि फुटलेली पेटी म्हणजे जवळपास आठ क्विंटल. कोरडवाहू माणसाला आठ क्विंटलला किती एकर लागतात, ते आपल्याला माहीत आहे. वाया गेलेला वापसा ह्यात धरलेलाच नाही.

आणखी एक गोष्ट. कृषिमूल्य आयोग उत्पादन खर्च काढताना अवजारांचा आणि यंत्रांचा घसारा धरतो. तो निवडलेल्या शेतकऱ्यांच्या नोंदींवरून काढला जातो. आपल्या यंत्राचे किती तास झाले, किती ऑईल लागले, किती दुरुस्ती झाली, ह्याची वही आपल्यापैकी किती जणांकडे आहे? आमचा खर्च तुम्ही कमी धरता, असे आपण सभेत ठणकावून सांगतो. समोरचा म्हणाला, दाखवा तुमची वही, तर आपण काय दाखवणार? आंदोलनाचे भाषण जितके महत्त्वाचे तितकीच ती वही महत्त्वाची आहे.

कारखाना बंद, ट्रॅक्टर चालू

ट्रॅक्टर किती टिकतो हे कंपनीवर असते, असे आपण मानतो. थोडेफार ते खरेही आहे. पण एचएमटीकडे पाहा. हरियाणातल्या पिंजोर इथे १९७१ साली सरकारी एचएमटीने चेकोस्लोव्हाकियाच्या झेटॉरच्या सहकार्याने ट्रॅक्टर बनवायला सुरुवात केली. महाराष्ट्रातल्या किती घरांचा तो पहिला ट्रॅक्टर होता. २०१६ साली केंद्र सरकारने तो ट्रॅक्टर कारखाना बंद करायचा निर्णय घेतला. कंपनी गेली, शोरूम गेली, वॉरंटी तर केव्हाच गेलेली. तरी ते ट्रॅक्टर आजही काही रानांत चालताना दिसतात.

ते कुणाच्या जिवावर चालतात? ज्या मालकाने ऑईल वेळेवर बदलले, ज्या मिस्त्रीने पेटी खोलून पुन्हा बांधायला हाताने शिकून घेतले आणि ज्या दुकानदाराने जुने भाग शोधून आणून दिले, त्यांच्या जिवावर. त्याच वर्षी, त्याच कारखान्यातून निघालेले भावंड ट्रॅक्टर दुसरीकडे भंगारात कधीच गेले. लोखंड दोघांचे एकच होते.

ह्यातून आणखी एक धडा निघतो. ते ट्रॅक्टर टिकले कारण ते गावात दुरुस्त होऊ शकत होते. आता येणाऱ्या यंत्रांत सेन्सर आणि संगणक शिरतो आहे. अमेरिकेतल्या शेतकऱ्यांवर ही पाळी आधी आली. स्वतःच्या ट्रॅक्टरचा बिघाड शोधायला कंपनीचाच माणूस आणि कंपनीचेच सॉफ्टवेअर लागते, हे त्यांच्या लक्षात आले. त्यांनी लढा दिला. कोलोरॅडो राज्याने २०२३ मध्ये कायदा केला आणि १ जानेवारी २०२४ पासून शेतीयंत्रांच्या कंपन्यांना दुरुस्तीची माहिती, साधने आणि भाग शेतकऱ्याला व बाहेरच्या मिस्त्रीला उपलब्ध करून देणे बंधनकारक झाले. जानेवारी २०२५ मध्ये तिथल्या केंद्रीय व्यापार आयोगाने दुरुस्तीवरच्या मक्तेदारीसाठी जॉन डिअर कंपनीवर खटला भरला. आपल्याकडे ग्राहक व्यवहार खात्याने जुलै २०२२ मध्ये 'दुरुस्तीचा हक्क' ह्यासाठी समिती नेमली. तिच्या चार विषयांत शेतीयंत्रे आहेत. त्या वर्षी २४ डिसेंबरला, राष्ट्रीय ग्राहक दिनी, त्यासाठी पोर्टलही निघाले. पोर्टल म्हणजे हक्क नव्हे. कंपन्यांवर बंधन घालणारा कायदा हवा.

दिल्लीचा हिशेब

आता सरकारचा हिशेब पाहा. २२ सप्टेंबर २०२५ पासून ट्रॅक्टरवरचा जीएसटी १२ टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर आला. ट्रॅक्टरचे टायर, गिअरबॉक्स, क्लच, ब्रेक अशा भागांवरचा १८ टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर आला. चांगले झाले. जे चांगले ते चांगले म्हणायला आपल्याला कधी कमीपणा वाटला नाही.

पण वंगणाच्या ऑईलवर १८ टक्के कर तसाच राहिला. म्हणजे गिअरबॉक्स फुटून नवा घ्यायला गेलात तर ५ टक्के, आणि तो फुटू नये म्हणून ऑईल घ्यायला गेलात तर १८ टक्के. करापूर्वी १०,००० रुपयांच्या ऑईलवर १,८०० रुपये कर. ५ टक्के असता तर ५०० रुपये. कारखानदार भरलेला कर पुढच्या करातून वजा करून घेतो. शेतकऱ्याला तसे वजा करता येत नाही, तो त्याच्या खिशातूनच जातो. हे कुणी शेतकऱ्याचे वाईट चिंतून केले असे मी म्हणत नाही. वातानुकूलित खोलीत बसून दर ठरवणाऱ्याला नवा ट्रॅक्टर विकला गेलेला दिसतो, त्याची आकडेवारी छापून येते. वीस वर्षे नीट टिकलेल्या ट्रॅक्टरची आकडेवारी कुठे छापून येत नाही. जे दिसत नाही ते ध्यानात येत नाही. ते ध्यानात आणून देणे हे चळवळीचे काम आहे.

करायचे काय

आधी घरातले. ट्रॅक्टरची पुस्तिका शोधा. हरवली असेल तर विक्रेत्याकडून मागून घ्या. मध्य प्रदेशात बुदनी इथे १९५५ पासून केंद्र सरकारची ट्रॅक्टरचे प्रशिक्षण आणि चाचणी देणारी संस्था आहे. तिच्या चाचणी अहवालात त्या त्या मॉडेलला कोणते ऑईल, किती आणि किती तासांनी, हे दिलेले असते. संगणक हाताळणाऱ्या मुलाला किंवा मुलीला ते शोधायला लावा. पुस्तिकेत तासांबरोबर मुदतही असते. दोन्हींतले जे आधी येईल ते धरायचे. तासाचे मीटर बंद असेल तर आधी ते दुरुस्त करा, नाहीतर डिझेलवरून तास मोजा.

पोळा ते दसरा ह्या दिवसांत ट्रॅक्टर थोडा रिकामा असतो आणि पुढे ज्वारीची पेरणी असते. तेव्हा तपासणी करा. रात्रभर सपाट जागी उभा राहू द्या. सकाळी सुरू न करता खालचा बोल्ट सावकाश थोडाच सैल करा. पाणी जड असते, ते तळाशी बसते आणि आधी बाहेर येते. ऑईल दुधाळ आहे का, जळका वास येतो का ते पाहा. बोल्टला चुंबक असेल तर त्यावरची बारीक राखाडी साय नेहमीची समजा. चिमटीत धरता येतील असे तुकडे निघाले तर मिस्त्रीला बोलवा. ऑईल बदलायचे तेव्हा थोडा ट्रॅक्टर चालवून ते कोमट असतानाच सोडा, म्हणजे गाळही निघतो. जाळी धुवा, फिल्टर बदला, श्वासाचे भोक मोकळे करा, फाटलेले रबर आणि गळका सील त्याच वेळी बदला. फिल्टर जुनाच ठेवून नवे ऑईल घालणे म्हणजे आंघोळ करून मळके कपडे घालणे.

काढलेले ऑईल विहिरीजवळ, नाल्यात, बांधावर ओतू नका. ते पाण्यात उतरते आणि पिण्याचे पाणी नासते. डब्यात भरून अधिकृत गोळा करणाऱ्याला द्या.

एक वही घाला. तारीख, तास, ऑईलचे नाव, लिटर, पैसे, एवढे पाच रकाने. घरात दुधाचा आणि बचत गटाचा हिशेब जी माउली ठेवते, तिच्याच हाती ही वही द्यावी असे मी अनुभवाने सांगतो. पुरुष विसरतात. आणि ट्रॅक्टर चालवणारा ड्रायव्हर एकरावर पैसे घेत असेल तर त्याला घुरघुर ऐकू येत नाही. आवाज वेळेवर सांगणाऱ्याला दोन पैसे जास्त द्या, ते वाया जात नाहीत.

आता चळवळीचे. येत्या जिल्हा बैठकीत वैजापूर तालुक्यातर्फे तीन ठराव मांडायचे आहेत. एक, शेतीयंत्रांच्या वंगणावरचा जीएसटी ट्रॅक्टरइतकाच, ५ टक्के करावा. दोन, प्रत्येक ट्रॅक्टरबरोबर ऑईलचा दर्जा, प्रमाण आणि तास सांगणारी मराठी पुस्तिका द्यावी आणि तोच तक्ता पुसला जाणार नाही असा ट्रॅक्टरवर लावावा. तीन, शेतीयंत्रांच्या दुरुस्तीची माहिती, साधने आणि भाग गावातल्या मिस्त्रीला मिळण्याचे बंधन कायद्याने कंपन्यांवर घालावे.

बैठकीला येताना प्रत्येक ट्रॅक्टरवाल्याने एक आकडा लिहून आणावा. मागचे ऑईल शेवटचे कोणत्या साली बदलले? आठवत नसेल तर "आठवत नाही" असे लिहा, त्यात लाजण्यासारखे काही नाही. माझ्या घरी बारा दिवस ट्रॅक्टर उभा होता तेव्हा मलाही आठवले नव्हते. ते सगळे कागद एकत्र करून आपण ठरावाला जोडू.

हार घालायचा आहेच. पण ह्या पोळ्याला खांदेमळणीच्या दिवशी ट्रॅक्टरची पट्टी ओढून पाहा.